टाकलेल्या दुधाचे पैसे

मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावचा कोसा प्रदर्शनांतून मिरवतो, पण त्या धाग्यामागची एक गोष्ट साडी घेणाऱ्याला सहसा ठाऊक नसते. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐनाच्या झाडांवर ज्या अळ्या सोडायच्या, त्यांची अंडी सरकारी बीज केंद्रांत तपासली जातात. मादी पतंगाने अंडी घातली की तिला चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, पेब्रिन रोगाचे कण दिसले तर तो सगळा पुंज नष्ट करायचा आणि निर्धोक निघालेली अंडीच कोसा उत्पादकाच्या हाती द्यायची, अशी ही रीत. फ्रान्समधला रेशीमधंदा बुडायला आला तेव्हा, १८६५ ते १८७० या काळात, लुई पाश्चर यांनी ती बसवून दिली. पुढे त्यांचेच नाव दुधाच्या पिशवीवर छापले जाऊ लागले. अळीच्या आरोग्यापायी पाश्चरची विद्या थेट झाडीपट्टीच्या जंगलापर्यंत आली. त्याच टापूतल्या गाईच्या दुधाला मात्र अजून फॅटच्या यंत्रापलीकडे कुणी काही विचारत नाही.

संकलन केंद्रावर संध्याकाळी काय होते ते पाहावे. कॅन उतरते, डावाने नमुना निघतो, यंत्र दोन आकडे दाखवते. फॅट इतके, एसएनएफ इतके. पावती फाटते. पाणी घातले असेल तर त्या आकड्यांत पकडले जाते. सकाळीच गाईच्या मानेत अँटिबायोटिकचे इंजेक्शन टोचले असेल तर ते पकडणारे तिथे काहीच नाही. दुधातले औषध ओळखणारी पट्टी बाजारात मिळते, काही मिनिटांत निकाल देते, मोठ्या डेअऱ्या टँकर उतरवून घेण्याआधी ती वापरतातही. गावच्या केंद्रावर ती नाही, कारण भाव तिच्यावर ठरत नाही.

इंजेक्शन टोचले जाते ते बहुतेक वेळा कासेसाठी. गाय व्याली, दूध भरले, आणि एका सडाला सूज आली. हात लावू देत नाही, धार काढली तर दुधात गुठळ्या. 'दगडी झाली' म्हणतात. दूध एकदम अर्ध्यावर. सरकारी दवाखाना लांब, तिथले पद रिकामे की भरलेले ते नशिबावर. मग ज्याचा मोबाइल नंबर पाठ असतो त्याला बोलावले जाते. तो मोटारसायकलवर येतो, सडात ट्यूब सोडतो, मानेत इंजेक्शन देतो. औषध बहुधा माणसाच्या दवाखान्यातलेच असते. सेफ्ट्रायॅक्सोन माणसाला टायफॉइडवर देतात आणि आपल्याकडे गाईच्या कासेवरही सर्रास चालते. एन्रोफ्लॉक्सासिन जनावरांचे म्हणून विकले जाते, पण जनावराच्या शरीरात गेल्यावर त्याचे सिप्रोफ्लॉक्सासिन होते, म्हणजे तुमच्या-आमच्या औषधाच्या डब्यातली ओळखीची गोळी. दुसऱ्या दिवशी सूज उतरते. तिसऱ्या दिवसाची सुई बहुतेक वेळा राहूनच जाते, कारण गाय बरी दिसते आणि सुईला पैसे पडतात. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, शहाणे होतात, हा इशारा पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच दिला होता. तो इशारा माणसांसाठी होता. गोठ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

आता दुधाचे काय? आजारी सडाचे दूध लोक टाकतात. ते पिवळट, गुठळ्यांचे, डोळ्यांना खराब दिसणारे असते. उरलेल्या तीन सडांचे पांढरेशुभ्र दूध कॅनमध्ये जाते. पण मानेत टोचलेले औषध रक्तावाटे चारही सडांत उतरते. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. कधी कधी ते घरीच पकडले जाते: विरजण लागत नाही. दूध तसेच्या तसे राहते किंवा वरवर आंबट होऊन पाणी सोडते, कारण दही लावणारे जिवाणूच औषधाने मारून टाकलेले असतात. घरातली बाई विरजणाला दोष देते, थंडीला देते, शेजारणीकडून नवे विरजण आणते. युरोप-अमेरिकेतल्या चीज कारखान्यांच्या लक्षात ही भानगड पहिल्यांदा याच वाटेने आली. कारखान्याचे नुकसान झाले म्हणून तिथे तपासणी सुरू झाली. आपल्या स्वयंपाकघरातले नुकसान कुणाच्याच वहीत चढत नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, ती सोडवून घेतली पाहिजे. दुधात राहिलेला औषधाचा अंश ही एक, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू ही दुसरी. दूध उकळले की जिवाणू मरतात, मग ते कितीही निर्ढावलेले असोत. औषधाचा अंश मात्र उकळून फारसा जात नाही. म्हणजे आपली दूध तापवण्याची जुनी सवय अर्धे काम करते. बाकीचे अर्धे काम गाईला सुई देणाऱ्याने आणि दूध काढणाऱ्यानेच करायचे असते. शिवाय निर्ढावलेले जिवाणू फक्त दुधातून येतात असेही नाही. शेणातून, गोठ्यातल्या ओलीतून, हातांतून ते माणसापर्यंत पोहोचतात आणि वाटेत भेटेल त्या दुसऱ्या जिवाणूला आपला गुण देऊन जातात. २०१५ साली चीनमधल्या संशोधकांनी डुकरांत आणि विकायला ठेवलेल्या मांसात असाच एक जनुक शोधला. कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधाला तो निकामी करत होता आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जात होता.

कायदे नाहीत असे कुणी म्हणू नये. पुष्कळ आहेत. जानेवारी २०१२मध्ये केंद्राने औषध नियमांत दुरुस्ती केली: अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधावर, ते दिल्यानंतर किती दिवस दूध-अंडी-मांस वापरायचे नाही हे छापलेच पाहिजे, छापले नसेल तर दूध व अंड्यांना किमान सात दिवस आणि मांसाला किमान २८ दिवस धरायचे. मासळीचा हिशेब आणखी मजेशीर, पाण्याचे तापमान गुणिले दिवस बरोबर पाचशे. भंडाऱ्याच्या मालगुजारी तलावांवर थर्मामीटर घेऊन हा गुणाकार करत बसलेला मच्छीमार कुणी पाहिला असेल तर कळवावे. जुलै २०१९मध्ये कोलिस्टिन जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी, खाद्यासाठी पूर्ण बंद झाले. मार्च २०२५मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांच्यावर तीच पाळी आली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या अंशमर्यादाही वेळोवेळी कडक होत गेल्या. दिल्लीचे राजपत्र या बाबतीत कुठेही कमी पडलेले नाही. बाटलीवरची सूचना मात्र मुंगीच्या अक्षरात असते, बहुधा इंग्रजीत, आणि गाईच्या मालकाच्या हाती बाटली सुईआधी येतच नाही. त्याच्या हाती येते ती सुई देऊन झाल्यानंतरची रिकामी शीशी.

दूध तपासलेच नाही असेही नाही. २०१८ साली प्राधिकरणाने देशभरातून ६,४३२ नमुने घेतले. त्यांत ७७ नमुन्यांत, म्हणजे १.२ टक्क्यांत, अँटिबायोटिकचा अंश मर्यादेबाहेर निघाला, आणि अशा नमुन्यांच्या बाबतीत पुढे असलेल्या तीन राज्यांत महाराष्ट्र होता. सव्वा टक्का म्हणजे काहीच नाही, असे म्हणून तेव्हा सगळ्यांनी हुश्श केले. पण हे नमुने पन्नास हजारांवर लोकवस्ती असलेल्या शहरांतून घेतलेले होते. भंडारा जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे भंडारा शहर सोडले तर ही अट पुरी करणारे दुसरे गाव नाही. तुमसरही खाली राहते. आंधळगावचा प्रश्नच नाही. शहराचे पिशवीतले दूध हजारो गाईंचे एकत्र झालेले असते, त्यात एका गाईचे औषध पातळ होऊन जाते. गावात रतीबाचे दूध एकाच गोठ्यातले, पुष्कळदा एकाच गाईचे. त्या गाईला सुई दिली असेल तर रतीब घेणाऱ्या घरातले पोर ते दूध पातळ न होता पिते. म्हणजे जिथे धोका दाट तिथे तपासणी नाही आणि जिथे तो विरळ तिथे सर्वेक्षण.

मग गावकऱ्यांचे प्रबोधन करा, असा सल्ला लगेच येतो. दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा प्रतिरोधी जंतूंविषयीच्या जागृतीचा जागतिक सप्ताह पाळला जातो, फलक लागतात, शपथा होतात. हरकत काहीच नाही. पण गाईच्या मालकाला कळत नाही म्हणून तो औषधाचे दूध घालतो, हे गृहीतकच आम्हाला मान्य नाही. त्याला पुष्कळ कळते. नुसती आकडेमोड करा. आठ लिटर दूध देणारी संकरित गाय. लिटरला तीस-पस्तीस रुपये. बाटलीवर चार दिवस लिहिले असतील तर बत्तीस लिटर गटारात, म्हणजे हजार-अकराशे रुपये. बाटलीवर काहीच लिहिलेले नसेल तर नियमाचे सात दिवस, छप्पन्न लिटर, सतराशे ते दोन हजार. त्यावर डॉक्टरची फी, औषधाचा खर्च, आणि दगडीने आधीच घटलेले दूध. ढेप आणि तणस यांचा खर्च गाय आजारी असली तरी चालूच. धानाच्या बांधीतून वर्षातून एकदा पैसा येतो. दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी येतो आणि त्यावर किराणा चालतो. अशा घराला आपण सांगतो, बाबा रे, देशाच्या आरोग्यासाठी दूध ओतून दे. देशाने त्यासाठी काय दिले, हे विचारायची सोय नाही. शिवाय ओतायचे तरी कुठे? वासराला पाजले तर त्याच्या आतड्यात तेच निर्ढावलेले जिवाणू पोसले जातात, उकिरड्यावर ओतले तर शेणखतातून शेतात. एवढी वजाबाकी अंगावर घेऊन जो खरोखर दूध टाकतो तो सज्जन आहे, आणि कोणतेही सरकारी धोरण सज्जनांच्या जिवावर उभे करू नये.

अमेरिकेत दुधाचा प्रत्येक टँकर पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांसाठी तपासावा लागतो, दोष निघाला की अख्खा टँकर वाया जातो आणि भुर्दंड ज्याच्या दुधाने घोटाळा केला त्याच्यावर. शेकडो गाईंच्या फार्मवर हे चालते. आपल्याकडे दोन गाईंच्या मालकावर दंड बसवला तर तो दुधाऐवजी सुई लपवील. कोलंबी निर्यातीचा अनुभव त्याहून बोलका आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांचे अंश सापडले म्हणून युरोपातून खेपा परत येऊ लागल्या, तेव्हा निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. परदेशी गिऱ्हाईक पैसे कापतो म्हणून त्याच्या ताटातली कोलंबी तपासली जाते. आंधळगावात रतीब घेणारा पैसे कापत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की टाकलेल्या दुधाचे पैसे सरकारने आणि डेअऱ्यांनी मिळून द्यावेत. हे ऐकायला अजब वाटेल, पण यंत्रणा तयार आहे. २०२४ साली राज्याने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी पाच आणि नंतर सात रुपये अनुदान दिले. त्यासाठी अट होती, गाईच्या कानात पिवळा बिल्ला हवा, त्यावरचा बारा आकडी क्रमांक ॲपवर नोंदलेला हवा, मालकाचे बँक खाते जोडलेले हवे. कोणती गाय, कुणाची, पैसे कुठल्या खात्यात, हे सगळे सरकारला तेव्हा कळले. आता त्याच क्रमांकावर एक ओळ वाढवायची: अमुक तारखेला अमुक औषध, दूधबंदी अमुक तारखेपर्यंत. ती ओळ नोंदणीकृत पशुवैद्यकाने भरायची. तेवढ्या दिवसांचे, त्या गाईच्या नेहमीच्या सरासरीने, पैसे खात्यात. बंदी संपल्यावर केंद्रावर पट्टी लावायची आणि दूध पुन्हा घ्यायचे. खोटे दावे होतील. पीकविम्यात होत नाहीत का? एका गाईला वर्षातून किती वेळा भरपाई, याला मर्यादा घालता येईल. एक फायदा मात्र फुकटात पडेल: मोटारसायकलवर येणाऱ्या बिननोंदणीच्या डॉक्टरच्या सुईवर भरपाई नाही म्हटल्यावर लोक स्वतःच विचारू लागतील, तुमची ओळ ॲपवर चढते का?

आणि हा सुई देणारा ज्या पैशावर जगतो तेही पाहायला हवे. त्याला तपासणीचे पैसे मिळत नाहीत, औषधाचे मिळतात. मग सुई जितकी भारी तितकी त्याची मिळकत. डेन्मार्कने नेमके हे ओळखून १९९५ साली औषधविक्रीतला पशुवैद्यकांचा नफा नाममात्र करून टाकला आणि तिथला जनावरांवरचा अँटिबायोटिकचा वापर खाली आला. आपल्याकडे त्याआधी पशुधन दवाखान्यांतली रिकामी पदे भरावी लागतील. लागतील तर लागतील.

कोंबडीचे प्रकरण वेगळे आणि, खरे तर, सोपे. गावोगावच्या शेडमध्ये वाढणारे ब्रॉयलर बहुतेक ठिकाणी कंपनीचे असते. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेतकऱ्याला किलोमागे वाढवण्याची मजुरी. तेव्हा तिथे गावकऱ्याचे प्रबोधन करण्यात अर्थ नाही, मूठभर कंपन्यांची दप्तरे तपासली की काम भागते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ साली राजधानी परिसरातले कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत औषधांचे अंश होते. आंधळगाव विणकरांचे गाव, आणि सावजी रस्सा ही विणकर कोष्टींचीच देणगी; तो ज्या आचेवर उकळतो त्यात कोणताही जिवाणू तग धरणार नाही. भीती हंडीची नाही. कच्ची कोंबडी नळाखाली धुताना उडणाऱ्या थेंबांची, आणि त्याच पाटावर त्याच सुरीने चिरलेल्या काकडीची आहे.

मुळात कास सुजूच नये यासाठी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते स्वस्त आहे. धार काढण्याआधी हात आणि सड धुणे, धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, गाय लगेच खाली बसू नये म्हणून पुढ्यात चारा टाकणे. सौम्य दगडीत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ कोरफड, हळद आणि खायच्या चुन्याचा लेप सुचवते, अडीचशे ग्रॅम कोरफडीला पन्नास ग्रॅम हळद आणि पंधरा ग्रॅम चुना. आजीबाईचा बटवा म्हणून नाक मुरडण्याची गरज नाही, आणि जबर तापलेल्या गाईला नुसता लेप लावून बसण्याचीही नाही. आजारी गाईला अँटिबायोटिक मिळालेच पाहिजे. पुरते मिळाले पाहिजे, आणि त्या दिवसांचे दूध बाजारात येता कामा नये.

हा सगळा दोष गोठ्याचा आहे, असे मात्र कुणी समजू नये. साध्या सर्दीला अँटिबायोटिक लिहून देणारे आणि मागून घेणारे शहरात काय कमी आहेत? प्रतिरोधी जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात भारतात सुमारे तीन लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. त्यात दवाखान्यांचा वाटा मोठा. पण माणसाचा दवाखाना, गाईचा गोठा आणि पाण्याचा तलाव हे एकच प्रकरण आहे, असे सरकारनेच मान्य केले आहे. नागपुरात ११ डिसेंबर २०२२ रोजी नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वन हेल्थची पायाभरणी पंतप्रधानांच्या हस्ते झाली, खर्च एकशे दहा कोटींच्या वर. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ तर २००० सालापासून नागपुरातच आहे. म्हणजे विद्या आंधळगावपासून एका एसटीच्या अंतरावर आहे. विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशनही तिथेच भरते. या खेपेला भंडाऱ्याच्या कुणा आमदाराने दोनच प्रश्न लेखी टाकावेत: गेल्या वर्षी राज्यात औषधामुळे किती लिटर दूध टाकून दिल्याची नोंद आहे, आणि त्याचे पैसे कुणी सोसले?